जवसाचं तेल

थेरगाव,
१६ नोव्हेंबर २०२४

प्रिय आयुष,

सप्रेम जय भीम. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचे गुडघे थंडीत दुखतात, तरी विहारात पायीच जाते. तुझ्या बेंगळुरूला थंडी असते का रे?

या खोक्यात तुझी गिटार आहे. पाच वर्षांपूर्वी टाकून गेलास तीच. पण आता लाल नाही.

तो दिवस तुलाही आठवत असेल. वाजवून वाजवून कडेचा रंग गेला म्हणून अण्णांनी सुट्टीच्या दिवशी मित्राच्या गॅरेजात ती नेली, स्वतः पाच कोट मारून आणली. "बघ, तोंड दिसतंय!" म्हणाले. आणि तू म्हणालास, "रंगारी तो रंगारीच. तुम्हाला सगळीकडे गाडीच दिसते." चाकणच्या कारखान्यात, गाड्या रंगवायच्या पेंट शॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. जेवला नाही त्या दिवशी.

रिटायर झाल्यावर त्यांनीच तो रंग काढायला घेतला. तारांचा दांडा, तो नेक, सोडवून ठेवला, बॉडी मांडीवर घेऊन गॅलरीत पॉलिश पेपरने घासत बसायचे. हार्टच्या ऑपरेशननंतर दम लागायचा. दहा मिनिटं घासायचं, दहा मिनिटं टेकायचं. आई म्हणायची, "भंगारवाल्याला द्या की आता."

"गप गं. खाली बघ कसलं ब्येस लाकूड हाय."

मार्चमध्ये लाकूड पुरतं उघडं झालं. मला म्हणाले, "श्रद्धे, आयुषला फोन लाव. याला रंग नको म्हंत्यात, आत मुरणारं तेल देत्यात. कंचं देऊ, इचार त्याला."

आता लिहितेच. मी फोन लावला नाही. तू ऑपरेशनलाही आला नव्हतास, आणि मी रजा काढून काढून थकले होते. त्यांनी तुझ्याकडे काही मागावं, हेच मला नको होतं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "विचारलं. तो म्हणाला, काहीही लावा."

"आसं म्हन्ला?" एवढंच.

मग त्यांनीच डांगे चौकातल्या घाण्यावरून खायचं जवसाचं तेल आणलं. रंगासारखं भरपूर दिलं, वरचं पुसलंच नाही. भट्टीतून अर्ध्या तासात वाळून येणारा रंग बघितलेला माणूस, रोज सकाळी अंगठा टेकवून बघायचा. "अजून चिकटतंय." जूनमध्ये ते गेले, तेव्हाही चिकटच होतं. पुण्यानुमोदनाला आलास आणि संध्याकाळच्या बसने परतलास. गिटार कपाटामागे होती. मी ती दाखवली नाही.

नंतर हार्डवेअरवाल्याने सांगितलं, लाकडाला उकळलेलं जवस तेल लागतं. तेही पातळ द्यायचं, मुरलं की उरलेलं पुसून टाकायचं. मी टर्पेंटाइनने सगळा चिकटा काढला आणि दोन-दोन दिवसांनी चार हात दिले. लाकडाच्या रेषा छान वर आल्यात.

नेक मात्र बसवलेला नाही, वेगळा गुंडाळलाय. तो जिथे बसतो, ती खाच मी पुसलेली नाही. पेंट शॉपची माणसं रंग वाळला का ते, ठसा दिसणार नाही अशा जागी तपासतात. अण्णांच्या अंगठ्याचे ठसे तिथे आहेत, एकावर एक. इतक्या महिन्यांनी तेल आता वाळलंय.

नेक बसवलास की ते झाकले जातील. आधी बघून घे. मग माझ्याशी बोलायचं की नाही, ते ठरव.

"काहीही लावा" असं तू म्हणाला नव्हतास, हे अण्णांना सांगायचं राहून गेलं रे.

तुझी,
ताई