एकतीस नंबरची फाईल

४ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही दोघं आणि पिल्लू बरे असाल. फोनवर आईचं रडणं आणि तुझे प्रश्न यांत कुणालाच धड काही सांगता येत नाही. 'सगळं क्रमानं लिहून पाठव' म्हणालीस, म्हणून लिहिते.

गुरुवारी सकाळी बाबा दाढी करत होते. हातातलं रेझर पडलं. आईनं विचारलं, "काय झालं हो?" तर तोंडातून नुसता घरघरता आवाज. उजवा हात लुळा, ओठ एका बाजूला ओढलेला. शेजाऱ्यांच्या गाडीतून चाळीस मिनिटांत हॉस्पिटल गाठलं. हृदयात तयार झालेली रक्ताची गुठळी मेंदूत जाऊन अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं, म्हणून जीव वाचला. पाय हलतो, हात अजून नाही.

बोलणं गेलं आहे. उरलंय फक्त "एक-दोन, एक-दोन." पाणी हवं तरी एक-दोन, उशी नको तरी एक-दोन. डॉक्टर म्हणाले, पाठ झालेली मोजणी कधीकधी अशी शिल्लक राहते. चौतीस वर्षं शाळेत कवायत घेतलेला माणूस, दुसरं काय उरणार!

माझ्या पीएच.डी.चं चालू आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. तू धावतपळत येऊ नकोस, रजा मिळेल तशी ये.

तुझी,
धाकटी


११ मार्च

ताई,

गेल्या पत्रात खोटं काही नव्हतं. पण जे लिहायला हवं होतं ते मी गाळलं. फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "असू दे गं" म्हणशील, आणि तेवढं मला ऐकायचं नाही.

माझा विषय तुला साधारण ठाऊक आहे. काही जणांच्या हृदयाचा ताल बिघडतो, वरचे कप्पे नीट आकसायचं सोडून नुसते थरथरतात. मग तिथं रक्त साचतं, साचलं की गोठतं. हे किती आधी ओळखता येईल, ते मी शोधते आहे. आजारी लोकांशी ताडून पाहायला मला साठीपुढची चाळीस निरोगी माणसं हवी होती. एकोणचाळीस मिळाली. चाळिसावा मिळेना म्हणून मी जेवताना कुरकुरत होते, तर बाबा म्हणाले, "ठणठणीत म्हातारा हवाय ना? मग गावभर कशाला हिंडतेस? समोर बसलाय की!"

छातीवर पट्टी चिकटवून चौदा दिवस ताल नोंदवायचा आणि एकदा रक्त तपासायचं, एवढंच होतं. कोणती नोंद कुणाची हे मला कळू नये म्हणून आमच्या मार्गदर्शक मॅडम सगळ्यांना उलटसुलट क्रमानं नंबर देतात. यादी त्यांच्या कपाटात असते. आणि एक नियम आहे. कुणाच्याही तालात बिघाड दिसला तर आठवड्याच्या आत मॅडमना सांगायचं, मग त्या माणसाला बोलावून घेतात.

फेब्रुवारीत समितीपुढे आलेख दाखवायचा होता. निरोगी लोकांचे ठिपके खाली एका रांगेत यायला हवे होते. सात ठिपके वर उडाले होते. एकतीस नंबरचा तर पार वर, आणि त्याच्यापुढे संगणकानं 'ताल शंकास्पद' असा शेराही मारला होता. सादरीकरणाला दोन दिवस उरले होते. पट्टी नीट चिकटली नाही की असा कचरा येतो, हे खरं आहे. मी सातही फाईली काढून टाकल्या आणि नोंदवहीत लिहिलं, 'नोंदी पाहून वगळल्या. कारण : पट्टी सुटलेली.'

ताई, मी पाहिल्या नव्हत्या. एकही उघडली नव्हती.

आलेख सुरेख आला. समितीतले एक प्राध्यापक म्हणाले, "इतका स्वच्छ आलेख फार दिवसांत पाहिला नाही." मी घरी येऊन आईला ते सांगितलं. तिनं विचारलं, "आणि ह्यांचं काय आलं?" मी बूट काढत म्हणाले, "काही असतं तर कळलं असतं. ठीकच असणार."

एकवीस दिवसांनी बाबांच्या हातातून रेझर पडलं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "हृदयाच्या तालाचा हा त्रास आजचा नसावा. आधी कधी तपासलं होतं?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "हो, हिनंच छातीला पट्टी लावली होती. चौदा दिवस. सगळं ठीक आलं!" मी भिंतीला टेकून उभी राहिले. ते डॉक्टर मला विचारत होते, "कोणतं यंत्र होतं?" आणि मला यंत्राचं नाव आठवेना. चार वर्षं जे रोज हाताळते, त्याचं नाव!

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत गेले आणि यादी मागितली. त्यांनी कपाट उघडलं, बोट फिरवत खाली आल्या आणि थांबल्या. मला न बोलताच कळलं. एकतीस.

त्यांनी यादी मिटली. मग हळूच म्हणाल्या, "पट्टी खरंच सुटली असेल. आधी बघूया."

आम्ही दोघींनी फाईल उघडली. पट्टी पक्की चिकटलेली होती. पाचव्या दिवशी दुपारी सव्वातीनला ताल बिघडला, तो एकोणीस तास तसाच राहिला. रेघ इतकी स्पष्ट की पहिल्या वर्षाच्या मुलानंही ओळखली असती. मला रडू आलं नाही. मी खुर्चीत बसून ती रेघ पुढे सरकवत राहिले, शेवटी मॅडमनी माझ्या हातातला माऊस काढून घेतला.

मग उरलेल्या सहा उघडल्या. चौघांची पट्टी खरंच सुटलेली. दोघांचा ताल बाबांसारखाच. एक निवृत्त नर्सबाई, एक शिंपीकाका. त्यांना त्याच दिवशी बोलावलं. नर्सबाई म्हणाल्या, "बरं झालं बाई, लक्ष ठेवून असता तुम्ही." मी मान खाली घातली. दोघांना रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत.

मी समितीला लिहून दिलं आहे, जसं घडलं तसं. तो आलेख मागे घेतला. चौकशी होईल. पदवी मिळेल की नाही, मॅडमनाही सांगता येत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सही माझीही आहे त्या नोंदवहीवर."

परवा बाबांना सांगितलं. त्यांना सगळं समजतं, ताई. स्टुलावर बसून मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. मला वाटत होतं, ते डावा हात तरी डोक्यावर ठेवतील. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. संध्याकाळी मी भरवायला गेले तर चमचा बाजूला सारला. "एक-दोन"सुद्धा म्हणाले नाहीत.

इथवर लिहिलं होतं, तेवढ्यात आई खोलीत आली. "ताईला लिहितेस? लिही, तुझ्यामुळे दुखणं वेळेत ओळखता आलं म्हणावं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. मला पुढे ऐकवेना. तिला कॉटवर बसवलं आणि सांगून टाकलं.

तिनं शेवटी विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"गोळ्या सुरू झाल्या असत्या."

"आणि मग हे झालं नसतं?"

"बहुतेक नसतं झालं."

"बहुतेक," ती म्हणाली. उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज आला, मग नळाचा. माझं ताट वाढून तिनं त्यावर झाकण ठेवलं आहे, ते मला इथून दिसतं. पण जेवायला हाक मारलेली नाही.

रजा मिळेल तशी नको. लगेच ये. माझ्यासाठी नाही, त्या दोघांना आत्ता माझ्याशिवाय कुणीतरी हवं आहे.

हे वाचून तू मला काय म्हणशील, ठाऊक नाही. आजवर जे म्हणत आलीस तेच खाली लिहिते.

धाकटी