घरट्यावरची फांदी

८ मे १९०९, शनिवार
खिंडीतल्या पाइनवर गरुडाचं घरटं. पिल्लू एकच. समोरच्या कड्यावर झुडपांचा आडोसा केला, आत कॅमेरा. मुक्काम जंगलाचा रखवालदार फर्कर याच्याकडे. संकल्प : महिन्याभरात आई पिल्लाला भरवतानाचा फोटो. असा अख्ख्या स्कॉटलंडात कुणाकडे नसेल. आमच्या शाळेत तर नाहीच. फर्कर म्हणाला, घाई करू नका. मला आणि घाई!

१५ मे
फर्करची युक्ती : आडोशात दोघांनी शिरायचं, एकानं गात परत जायचं. पक्ष्याला मोजता येत नाही. तीन तास आई आली नाही. मोजता येत असावं. खोकलो फक्त चारदा.

२२ मे
आली! पण फोटोची काचेची प्लेट धुतली तर पिल्लाच्या जागी नुसतं धुकं. दोष घरट्यावरच्या फांदीचा. सावलीमुळे कॅमेऱ्याचं झाकण चार सेकंद उघडं ठेवावं लागतं, तेवढ्यात पिल्लू हलतं. माझी चूक शून्य.

२३ मे, रविवार
फांदी कापायचं ठरवलं. फर्कर झाडावर चढेना. "देवाच्या वारी कुऱ्हाड नको. आणि मास्तर, ते त्याचं छप्पर आहे." एका फांदीनं आभाळ कोसळत नाही, म्हटलं. मीच चढलो, कापली. पिल्लानं माझ्याकडे बघून चोच वासली. ओळख पटली असावी.

२९ मे
उजेड झकास. पिल्लू धापा टाकतं. आई मुद्दाम उन्हाकडे पाठ करून पंख पसरते, म्हणजे पुन्हा सावली! वैताग. फर्करची बायको लापशीचा वाडगा आदळते.

५ जून
दुपारभर गारा. मी निघालो असतो तर आई घरट्यावर बसली असती, मान्य. पण मग दिवस वाया. ती माझ्यासमोर घिरट्या घालत होती. जरा धीट व्हायला शिकावं तिनं.

६ जून
जमलं! लख्ख ऊन. आईनं सशाचा तुकडा पुढे धरला, कितीतरी वेळ. पिल्लू जराही हललं नाही. सहा प्लेटा, सहाही स्वच्छ. चिकाटीचं फळ.

१९ जून
गावच्या सभागृहात पडद्यावर फोटो दाखवले. टाळ्याच टाळ्या. फर्कर मागे उभा होता. नंतर विचारलं, कसा वाटला?
"पिल्लू गारांतच मेलं होतं का, मास्तर?"
तुला फोटोतलं काय कळतं, म्हणालो. घरी येऊन भिंग लावलं. पिल्लाचा डोळा उघडा. त्यावर माशी.
सहाही प्लेटांत.
लाज वाटते. माशी मला सहा तारखेलाच दिसली होती, भिंगाशिवाय. इथंसुद्धा लिहिली नाही.