कंपनीच्या बसने मला कामाला नेलं

बोईसर, रविवार

एडवणच्या आनंदीबायला बोईसरच्या काशीची लांबूनच गळाभेट. तुझे गुडघे, सुना आणि नारळीची झाडं (याच क्रमाने) ठीक असतील असं धरून चालते. मी मजेत. फोन का केला नाही म्हणशील, तर फोनवर तू ‘हं, हं’ करत मालिका बघतेस.

माझी हातगाडी कंपन्यांच्या नाक्यावर जोरात चालते. भात, भाकरी, बोंबलाचं कालवण. गिऱ्हाईक भरपूर, पण बोलणं एवढंच की मौसी एक प्लेट, मौसी चटणी. (धीरज सुरतेला गेल्यापासून घरात तेवढंही नाही. पोरगा फोन करतो, पण रेंज नसते. त्याला की मला, ते अजून कळलं नाही.) तर गुरुवारी चंद्रभान म्हणून माझं रोजचं गिऱ्हाईक डबा विसरून शिफ्टच्या बसमध्ये चढलं. डबा द्यायला मीही चढले. तो पार शेवटच्या सीटवर. मी डबा देईपर्यंत बस सुटली आणि ड्रायव्हरने गाणी लावलेली, त्याला माझी हाक कुठली ऐकू येणार! कंपनीच्या गेटवर चंद्रभान शिफ्टच्या घाईत आत पळाला आणि एका तरुण साहेबाने मला ठेकेदाराची नवी सफाईवाली समजून डोक्यावर हेल्मेट दाबलं (अंबाड्यामुळे बसेना, दोनदा दाबलं) आणि बायकांच्या रांगेत उभं केलं. मी सांगणारच होते. पण उन्नती नावाची पोरगी बाजूला सरकून म्हणाली, “इकडे ये मावशी, सावलीत.” मग मी कसली सांगते!

आग लागली तर काय करायचं, यावर साहेबाचं भाषण झालं आणि त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, “पयला गॅस बंद करायचा, मंग बोंबलायचं.” सगळ्या हसल्या, साहेबसुद्धा. मग खराटा हातात आला आणि मी आवार झाडलं. दुपारी कॅन्टीनमध्ये बसल्या जागी ताट आलं. डाळ पाणचट, भाजी अळणी. पण वाढणाऱ्याने वाकून विचारलं, “और थोडा चावल, माँजी?” आनंदी, घास घशातच अडकला गं. मला कोणी वाढल्याला किती वर्षं झाली! उन्नतीला वाटलं ठसका लागला, ती पाठ चोळायला लागली. मी तो ठसका जरा लांबवला.

संध्याकाळी हजेरीत माझं नाव निघेना, तेव्हा खरं सांगितलं. साहेब घाबरला (नोकरी त्याची जायची) आणि मला रिक्षात घालून नाक्यावर पाठवलं. गाडीवर भात गार, कालवण मांजराने संपवलेलं. शेजारच्या वडापाववाल्याला विचारलं, कोणी मला शोधत आलं होतं का. तो म्हणाला, “तुमी नव्हता काय?”

तुझी काशी

ता. क. धीरजला यातलं काही कळवू नकोस. तो काळजी करेल, असं मला वाटू दे.

आणखी एक. पालघरला, उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. सोबत माणूस असल्याशिवाय घेत नाहीत. नर्सने विचारलं तेव्हा मी तुझं नाव सांगून बसले. कोण लागते म्हणाली, तर सख्खी बहीण म्हटलं. तुला विचारलं तर तसंच सांग.