कॅनपीला किती हात

३ फेब्रुवारी, मंगळवार
पहिली कॅनपी नापास!
बाबा रिमोटवर उडणारं छोटं विमान बांधतायत; त्यातल्या बाहुलीएवढ्या पायलटवरचं हे पारदर्शक झाकण वीतभर लांब, पापुद्र्यासारखं पातळ. साबणाच्या पाण्याने धुतलं, वाळवलं, बाहेरून चिकटपट्टी लावून झाकलं आणि आतून धुरकट रंगाचा स्प्रे मारला. आतूनच मारायचा, म्हणजे बाहेरची चकाकी टिकते. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर वीस मिनिटं थांबून. एक ओघळ नाही, एक बुडबुडा नाही.
बाबांनी विमानावर ठेवून पाहिली. "फार गडद केलीस. आतला पायलट दिसत नाही."
बास. एवढंच.

५ फेब्रुवारी, गुरुवार
कारखान्यात मी दिवसभर गाड्यांच्या दिव्यांच्या काचा तपासते. कुठल्या काचेतून किती प्रकाश जातो ते मोजायचं, लिहायचं, सही करायची. माझ्या सहीशिवाय एक खोकं बाहेर पडत नाही. घरी मात्र मला गडद-फिकं कळत नाही!
जेवणाच्या सुट्टीत कॅनपी मोजली. पंचेचाळीस टक्के प्रकाश जातो. हवा होता तेवढाच.
पण मारलेला रंग काढता येत नाही. थिनर लागलं की प्लॅस्टिक दुधाळ होतं. नवीच घ्यावी लागणार. पाकिटात चार होत्या, उरल्या तीन.

८ फेब्रुवारी, रविवार
दुसरी. दोन हात. साठ टक्के. बाबांना हीही गडद.
"दादाने केली होती ती बघ. कशी आरपार दिसते."
दादाचं विमान बाबांच्या टेबलाच्या वर छताला टांगलेलं आहे. अकरा वर्षं. दादा लांब नोकरीला गेला, सहा वर्षांत दोनदा आला. विमानावरची धूळ मीच पुसते.
तेव्हा दर रविवारी मैदानावर जायचो आम्ही. रिमोट दादाच्या हातात, दादाच्या खांद्यावर बाबांचा हात. मी धावत जाऊन उतरलेलं विमान उचलून आणायची — घरचा हमाल! एकदा रिमोट मागितला. बाबा म्हणाले, "तुझ्याकडून पडेल." पुन्हा मागितला नाही. पुढे कारखान्यातल्या एकाच्या विमानावर शिकले. उत्तम उडवते. घरी बोलले नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
दादाची कॅनपी सकाळी हळूच काढून नेली आणि मोजली. बत्तीस टक्के! माझ्या पहिलीपेक्षाही गडद.
आईला सांगितलं. म्हणाली, "बापाची मोजमापं काढतेस होय?"
बापाची नाही. कॅनपीची.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांचं सगळंच बिनसलंय. स्प्रेचा डबा त्यांच्याच कोपराने पडला, आणि मी वाटेत ठेवला म्हणून बोलणी मला. टेबलावरचा दिवा बदलायला लावला, महिन्यात दुसऱ्यांदा. पाकिटातला सूचनांचा कागद माझ्याकडे सरकवला: तूच वाच, शिकलेली आहेस ना.
बावीस तारखेला बाबांना मैदानावर हे विमान स्वतः उडवायचं आहे, क्लबातल्या सगळ्या जुन्या मंडळींसमोर. दादा खास रजा घेऊन येतोय. म्हणून ही सगळी चिडचिड. स्वारी येणार, आणि माझी कॅनपी गडद!

१४ फेब्रुवारी, शनिवार
तिसरी. एकच हात, तोही लांबून. ऐंशी टक्के. इतकी फिकी की द्यायची लाज वाटली.
"गडद."

१५ फेब्रुवारी, रविवार
आज दादाच्या विमानावरची धूळ पुसली नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार
ठरलं. चौथीला रंग मारायचाच नाही. धुवायची, पुसायची आणि कोरी करकरीत हातात द्यायची. तरीही गडद म्हणाले, तर आईच्या देखत सांगायचं: बाबा, तुम्हाला कॅनपी बघायचीच नाहीये. तुम्हाला माझी चूक बघायची आहे.
वाक्य दोनदा म्हणून पाहिलं. आवाज चढत नाही ना, ते बघितलं. नाही चढत.
दादाला मात्र बरं आहे. त्याची अकरा वर्षांपूर्वीची चूकही आरपार दिसते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
दादाचा फोन आला. उद्या संध्याकाळी पोचतोय. आईने त्याची खोली झाडली. बाबांनी चौथीबद्दल विचारलं. सकाळी देते म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दिली.
बाबा ती घेऊन खिडकीशी गेले. अंगठ्याने कडा चाचपत फिरवली, पार नाकाजवळ नेली. म्हणाले, "आता जमत आलंय. जरा गडद आहे, पण चालेल."
पाठ केलेलं वाक्य आठवलंच नाही. आई आत होती, बरं झालं.
"बाबा, हिला रंगच मारलेला नाही."
अंगठा कडेवर थांबला. मग त्यांनी कॅनपी जपून टेबलावर ठेवायला हात पुढे केला. टेबल अजून वीतभर लांब होतं. मी खाली हात धरला.
"उद्या रिमोट तू घे," म्हणाले. "माझ्याकडून पडेल. दादाला सांगू नकोस."
अकरा वर्षं हेच ऐकायचं होतं मला.