रुंद खाचेचं कार्ड

सूनबाई,

भंगारवाला चार वाजता येईल. त्याला चहा दे आणि उद्या परत यायला सांग, जुना कॉम्प्युटर आज देऊ नकोस.

रविवारी चूक माझीच झाली. सुट्या भागांच्या डब्यातून काढून मी त्यात बसवलं ते टेलिफोनच्या वायरचं कार्ड होतं, त्याची खाच अरुंद. नेटवर्कचं कार्ड आज सापडलं. याची खाच रुंद आहे आणि केबल टक्कन बसते. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, स्टिकरवरचं सोडा, मधल्या काळ्या चिपवरचा नंबर आणा." तो नंबर मी भिंग लावून एकेक अक्षर उतरवून घेतला आहे. त्या नंबराचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, फ्लॉपीत भरून आणायला निघालो आहे. मग केबल जोडून सगळं तुझ्या लॅपटॉपवर घेता येईल.

तुझ्या सासूबाईंनी मला साठीनंतर अक्षरं शिकवली, तेव्हाचं रेकॉर्डिंग त्या जुन्या कॉम्प्युटरात आहे. छोटीने आजीचा आवाज कधी ऐकलेला नाही.

अडगळीत जीव अडकवू नका, असं तू म्हणालीस. मला राग नाही आला. पण त्याची डिस्क घरघर करते आहे, कधीही बंद पडेल, म्हणून फक्त आजचा दिवस मागतो. उद्या ते धूड मी स्वतः उचलून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवीन, आवाज मिळाला तरी आणि नाही मिळाला तरी.

बाबा