ब्याऐंशी ठोके

४ जानेवारी

चि. भावजींस, वहिनीचे अनेक आशीर्वाद.

शाळेच्या मैदानावर दिवसभर शिट्टी फुंकणाऱ्या मास्तरांना वहिनीला दोन ओळी लिहायला वेळ मिळत नाही, असं दिसतं. मी बरी आहे. कारखान्यात पडदे शिवते, घरी येऊन ग्रंथालयाची पुस्तकं वाचते. सध्या हृदयावरचं एक वाचते आहे. अर्धं कळतं, उरलेलं पुन्हा वाचते.

ह्यांना जाऊन तीन महिने होत आले. लोक अजून विचारतात, कोणाचा धक्का लागला का. कोणीच जवळ नव्हतं. फुटबॉलच्या सामन्याचं सत्तरावं मिनिट, चेंडू पार पलीकडे. हे खाली बसले तेव्हा मला वाटलं, बुटाची नाडी सुटली असेल. मी पिशवीत पाण्याची बाटली शोधत होते. मान वर केली तर सगळं मैदान त्यांच्याकडे धावत होतं.

बावीस तारखेला क्लबच्या डॉक्टरांची चौकशी आहे. जुलैच्या तपासणीत हृदय उत्तम, आणि गेल्यावर शवविच्छेदनात पाहिलं तर हृदयाचा स्नायू जाड झालेला, तोही वर्षानुवर्षांचा. डॉक्टरांनी डोळेझाक केली, असं मी लिहून दिलंय. सही तेवढी बाकी आहे. ती पडली की त्यांचा परवाना जाईल, असं क्लबचे सेक्रेटरी म्हणाले. जाऊ दे. तुम्ही सख्खे भाऊ, शेजारी तुमचीही सही हवी. सेक्रेटरी म्हणतात, हा आजार रक्तात असतो, तुमचीही तपासणी व्हायला हवी. तब्येत सांभाळा, लोभ असू द्या.

तुमची वहिनी

८ जानेवारी

ती. स्व. वहिनीस, सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू तर वकिलाच्या वरताण झालीस! शाळेच्या स्पर्धा तोंडावर आल्यात, बावीसला येणं जमेलसं वाटत नाही.

वहिनी, सहीची घाई करू नकोस. डॉक्टर माणूस वाईट नाही. दादा त्याला मानायचा. त्याचं घर उठवून आपल्याला काय मिळणार? दादा परत येणार नाही. माझ्या तपासणीचं बघू पुढे. राग मानू नकोस.

तुझा धाकटा दीर

१२ जानेवारी

चि. भावजींस, आशीर्वाद.

राग मानू नकोस म्हणता, आणि मीठ चोळता. डॉक्टरांचं घर उठेल याची तुम्हाला काळजी. माझं उठलं ते?

आता ऐका. काल ह्यांच्या ईसीजीच्या अहवालाचा कागद काढला आणि पुस्तक शेजारी ठेवून ओळ न् ओळ लावली. ठोके लिहिलेत मिनिटाला ब्याऐंशी. ब्याऐंशी! हे रोज सकाळी अंथरुणातच मनगट धरून ठोके मोजायचे आणि मला ओरडून सांगायचे, मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायची. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, फार तर एकावन्न. जुलैपासून त्यांनी सांगणं सोडलं. कंटाळले असतील म्हणून मीही विचारलं नाही.

म्हणजे डॉक्टरांनी यंत्र लावलंच नाही, मनाने आकडा ठोकून दिला. हेही मी जबानीत घातलंय. मंगळवारी सही करून पाठवते. तुम्ही या, नका येऊ.

वहिनी

१५ जानेवारी

ती. स्व. वहिनीस, सा. न. वि. वि.

सही करू नकोस. तुझ्या पाया पडतो.

ते ब्याऐंशी ठोके माझे आहेत.

जुलैच्या सुरुवातीला दादा सराव करून येताना जिन्यात चक्कर येऊन पडला. मी रजा काढून आलो होतो, मीच त्याला उचललं. वहिनीला सांगशील तर याद राख, म्हणाला. तपासणीत काही निघालं तर हा हंगाम गेला, आणि या वयात पुढचा कोण देतो, असं त्याचं म्हणणं. लहानपणापासून सगळं मीच त्याच्याकडे मागत आलो. त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली.

डॉक्टरांनी त्याला ईसीजीसाठी बाहेरच्या तपासणी केंद्रात पाठवलं होतं. तिथे कोणी ओळखत नव्हतं. खिडकीतून दादाचं नाव पुकारलं आणि मी, रोज पोरांची हजेरी घेणारा, हजर म्हणालो. भीतीने छाती धडधडत होती. डॉक्टरांनी आलेला कागद पाहिला, एवढंच.

आता मला दीर म्हणू नकोस हवं तर.

तुझा अपराधी

१८ जानेवारी

भावजी,

दोन दिवस मी तुम्हाला शिव्या दिल्या. त्यांनाही दिल्या, फोटोसमोर उभी राहून. दोघं शहाणे, आणि मध्ये मी वेडी. जिन्यातली चक्कर मला कळली असती तर त्यांना दाराला कुलूप घालून घरात ठेवलं असतं.

एवढं चांगलं हृदय थांबलंच कसं, म्हणून तो कागद छातीशी धरून मी किती रडले. ते थांबलेलं नाही. तुमच्या छातीत चालू आहे.

जबानी फाडली. बावीसला सकाळच्या पहिल्या गाडीने या. स्पर्धा दुसरे मास्तर बघतील. समितीपुढे तुम्ही स्वतः सांगायचं. मी शेजारी बसेन. नोकरी जाईल कदाचित. डॉक्टरांचा परवाना जायला निघाला होता तेव्हा मी जाऊ दे म्हणाले होते, ते माझ्या जिभेवर अजून आहे. त्यांची माफी दोघांनी मागायची. मग त्यांच्याच पुढे छाती उघडी करून नीट तपासून घ्या. सख्ख्या भावाचं पुन्हा पुन्हा पाहावं लागतं, असं पुस्तकात आहे.

नवं कॅलेंडर टांगलंय. रोज सकाळी उठायच्या आधी ठोके मोजायचे आणि शेजाऱ्यांच्या फोनवर मला कळवायचे. चौकट रिकामी दिसली तर या खेपेला मी विचारल्याशिवाय राहणार नाही.

वहिनी