बुडत्या शिष्याची पानं

ता. ४ जानेवारी

चि. सौ. चिमणीस अ. आ.

तुझे दादा गेले त्या सकाळी मी केर काढला, खळ शिजवली आणि त्यांना चहा दिला. ते पुस्तकं शिवत बसले होते. पुढ्यात दोन गठ्ठे, एक फादरांचं शुभवर्तमान आणि दुसरा वाचनालयाच्या बुद्धकथा. आकार एक, कागदही एक. तीच त्यांची शेवटची शिवण.

आता गंमत ऐक. रविवारी फादर प्रार्थनेला वाचत होते. येशूचा शिष्य पाण्यावरून चालतो, लाटा बघून घाबरतो, बुडायला लागतो. फादरांनी पान उलटलं. शिष्याने मन आवरलं आणि चालत पैलतीर गाठलं. मंडळी तल्लीन! पुढे ‘तथागत’ आले तेव्हा कुठे फादर अडखळले. दादांनी बुद्धकथांच्या पानांची एक घडी तिथे शिवली होती. त्या कथेतला शिष्यही पाण्यावर चालतो आणि लाटा बघूनच बुडायला लागतो.

फादर हसतहसतच आले. म्हणाले, वहिनी, तुमचे यजमान जाता जाता वाद जिंकून गेले. बुद्धाच्या गोष्टी व्यापाऱ्यांबरोबर येशूच्या मुलखात पोचल्या असतील का, यावर दोघं वर्षानुवर्षं भांडायचे. मीही हाताला लागेल ते वाचलं. जहाजं जात होती हे खरं. गोष्टी गेल्या का, आणि आधी कुठली लिहिली गेली, हे कुणालाच नक्की ठाऊक नाही.

फादर म्हणतात, माझं पुस्तक राहू दे असंच. पण वाचनालयाच्या पुस्तकात ती पानं नाहीत, वाचक कुरकुरतात. म्हणजे यांची शिवण उसवायला हवी. माझा हात धजत नाही गं. लोभ आहेच, तो उत्तर लवकर धाडून दाखव.

तुझी वहिनी

ता. ११ जानेवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

दादा चुकला? छे! वादात हरायला लागला की असलंच काहीतरी गुपचूप करायचा. एकदा माझ्या बाहुलीला मिशा काढून वर साळसूदपणे अभ्यासाला बसला होता.

गोष्टींचं म्हणशील, तर दोन घरची पोरं सारखी दिसली की लगेच चोरीचा आळ घेऊ नये. कधी कधी दोघांचा मामा एकच निघतो.

आणि वहिनी, दादाने जन्मभर दुसऱ्यांच्या शिवणी उसवल्या. त्याशिवाय पुस्तक धड होत नाही, असं तोच म्हणायचा ना? हवं तर रडून घे. फक्त खळीपासून लांब बसून रड, पातळ होईल. लेकरांवरची माया माझ्या वाट्यालाही थोडी ठेव.

तुझी चिमणी

ता. १९ जानेवारी

चि. सौ. चिमणीस अ. आ.

पत्र परवा मिळालं. मिशांवर हसले, मग रडलेही, तुझ्या सांगण्याप्रमाणे खळीपासून लांब. तुझं मामाचं म्हणणं फादरांना कळवलं, तर म्हणाले, वाद अर्धाच राहिलाय, आता तुम्ही बसा माझ्यासमोर. बसेन म्हटलं, पण आयती हार मानणार नाही. रागावलीस तरी लिहीत राहा, एवढंच मागणं.

काल सकाळी मी यांचा धागा कापला, दोन्ही पुस्तकं नव्याने शिवली आणि ज्याची त्याला नेऊन दिली.

तुझी वहिनी